उन्हाळ्यात दुपारी काँक्रिट पंपाची लाइन पुन्हा पुन्हा चोक होते: काय तपासायचं, काय बदलायचं

मार्च ते मे या दिवसांत गोव्यातल्या बहुतेक मोठ्या साइटवर एकच तक्रार ऐकू येते. सकाळी पंप छान चालतो. अकरानंतर गेजवरचा दाब हळूहळू चढतो, आणि जेवणाच्या सुमारास लाइन चोक होते. पाइप खोलून, साफ करून, पुन्हा जोडून सुरू केलं की तासाभरात पुन्हा तेच. मिक्स डिझाइन बदललेलं नसतं, पंप तोच, ऑपरेटरही तोच. मग ऑपरेटर प्लांटला दोष देतो, प्लांटवाला पंपाला, आणि साइट इंजिनियर उन्हाला.

उन्हाचा हात त्यात आहेच. पण लाइन चालू असताना ऊन फारसं काही बिघडवू शकत नाही, आणि हे साध्या हिशोबातून दिसतं. १२५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपमध्ये दर मीटरला साधारण १२ लिटर काँक्रिट मावतं. ६० मीटरच्या लाइनमध्ये झालं पाऊण घनमीटरच्या आसपास. पंप तासाला १८ घनमीटर देत असेल, तर हॉपरमधून (गाडीतलं काँक्रिट ज्यात ओततात त्या पंपाच्या टाकीतून) निघालेलं काँक्रिट अडीच मिनिटांत होजच्या (टोकाच्या रबरी नळीच्या) तोंडातून बाहेर पडतं. अडीच मिनिटांत तापलेला पाइप त्याचं काय वाकडं करणार? तेच काँक्रिट त्याच पाइपमध्ये पंधरा-वीस मिनिटं उभं राहिलं, तर मात्र भिंतीलगतचा थर घट्ट होतो आणि पुढचा स्ट्रोक (पिस्टनचा धक्का) मारताना पंपाला दुप्पट जोर लावावा लागतो. म्हणून उन्हाळ्यात चोक झाला की माझा पहिला प्रश्न असतो: त्याआधी लाइन किती वेळ थांबली होती? बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं.

आधी जागा आणि वेळ लिहून ठेवा

पंपाचं काँक्रिट पाइपमधून पाण्यासारखं वाहत नाही. ते एका अखंड दांड्यासारखं पुढे सरकतं आणि त्याच्या भोवती, पाइपच्या भिंतीला लागून, सिमेंट आणि बारीक कणांच्या स्लरीचा पातळ थर असतो. तो थर आहे तोवर लाइन चालते. तो सुकला, गळून गेला किंवा मुळात तयारच झाला नाही, की खडी थेट पाइपला घासते, एकमेकीत अडकते आणि रस्ता बंद होतो. चोकचं कारण शोधणं म्हणजे हा थर कुठे आणि कशामुळे गेला ते शोधणं. त्यासाठी चोक कुठल्या ठिकाणी आणि कामाच्या कुठल्या टप्प्यावर झाला, हे प्रत्येक वेळी डायरीत लिहिणं फार उपयोगी पडतं.

सुरुवातीच्या काही स्ट्रोकमध्येच अडकलं, तर प्रायमिंग (काँक्रिटच्या आधी स्लरी सोडून पाइप आतून माखून घेणं) कमी पडलं. तापलेला कोरडा पाइप पहिल्या काँक्रिटमधली स्लरी स्वतःच्या भिंतीवर ओढून घेतो आणि पुढच्या टोकाला नुसती खडी उरते. हॉपरच्या लगेच पुढच्या रिड्यूसरमध्ये (निमुळत्या पाइपमध्ये) अडकलं, तर मिक्सकडे बघा: बारीक कण कमी आहेत, मोठा दगड आला आहे किंवा टीएमच्या (ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे काँक्रिट आणणाऱ्या गाडीच्या) ड्रममध्ये जुना वाळलेला गोळा सुटला आहे. बेंडमध्ये (पाइपच्या वळणात) अडकलं, तर बेंडच्या मागच्या प्रत्येक क्लॅम्पखाली (पाइप जोडणाऱ्या पकडीखाली) हात फिरवा. कुठेतरी रबर गॅस्केट फाटलेलं किंवा बसवायचंच राहिलेलं असतं. तिथून स्लरीचं पाणी ठिबकत राहतं आणि पुढच्या वळणावर सुकी खडी जाम होते. जमिनीवर क्लॅम्पखाली करडा ओला डाग दिसला तर तो चोकचा आधीच मिळालेला इशारा समजा.

होजमध्ये अडकण्याची कारणं वेगळी. एकतर हेल्परने तो अती वाकवलेला असतो, नाहीतर आदल्या कामाचं काँक्रिट आत थर धरून बसलेलं असतं.

दाब कसा चढला हेही बघा. अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू चढला असेल तर स्लम्प पडतोय (काँक्रिट घट्ट होतंय) किंवा भिंतीवर थर जमतोय. एका स्ट्रोकमध्ये झटकन चढला तर एका ठिकाणी काहीतरी आडवं आलं आहे. आणि दाब चढत नाही पण काँक्रिट कमी येतंय, अशी तिसरीच तक्रार असेल तर तो चोक नव्हे. तिथे एस-वॉल्व्हची (पंपाचे दोन सिलिंडर आळीपाळीने लाइनला जोडणाऱ्या वाकड्या नळीची) कटिंग रिंग आणि वेअर प्लेट यांच्यातली फट तपासायला हवी.

चोक झाला की हाताळायचं कसं

इथे घाई केली तर माणूस जखमी होतो, म्हणून हा भाग सगळ्या हेल्परना वाचून दाखवावा असं मला मनापासून वाटतं.

दाब चढून पंप थांबला की पुढे जोर लावत राहू नका. त्याने अडकलेली खडी आणखी घट्ट बसते. आधी दोन-तीन स्ट्रोक रिव्हर्स मारा, परत आलेलं काँक्रिट हॉपरमध्ये ॲजिटेटरने (फिरत्या पात्यांनी) नीट घोळवू द्या, मग कमी वेगाने पुढे मारून बघा. दोन-तीन वेळा असं करूनही सुटलं नाही तर थांबा आणि जागा शोधा. पंप हलकेच पुढे मारला की चोकच्या मागचे पाइप धक्का खातात आणि पुढचे शांत राहतात. त्या सीमेजवळ हातोडीने ठोका. रिकामा पाइप खणखणीत वाजतो, भरलेला बद्द वाजतो.

क्लॅम्प उघडण्याआधी रिव्हर्स मारून लाइनमधला दाब काढायचा, पंप बंद करायचा आणि ऑपरेटरने रिमोट स्वतःच्या ताब्यात ठेवायचा. उघडणाऱ्याने जॉइंटच्या समोर नव्हे, बाजूला उभं राहायचं. चष्मा घालायचा. दाबाखालचा जॉइंट उघडला तर खडी गोळीसारखी सुटते. हॉपरवरची जाळी काढून हाताने किंवा सळीने आतला दगड काढायचा प्रयत्न पंप चालू असताना कधीच करू नये. एस-वॉल्व्ह बाजू बदलताना बोटं राहत नाहीत. आणि कॉम्प्रेसरच्या हवेने चोक उडवण्याचा उपाय सोडून द्या. अडकलेल्या लाइनमध्ये हवा कोंडली की सुटण्याच्या क्षणी होजचं टोक चाबकासारखं फिरतं आणि समोर कोण आहे ते बघत नाही. हवेने साफसफाई करायचीच तर ती मोकळ्या लाइनची, टोकाला बॉल पकडणारी बास्केट लावून आणि सगळ्यांना दूर करून.

गाड्यांचं गणित

आता मूळ कारणाकडे. उन्हाळ्यात चोक वाढण्यामागे माझ्या मते सर्वात मोठं कारण गाड्यांची साखळी तुटणं हेच आहे.

समजा प्लांट कुंडईला आहे आणि साइट पर्वरीला. टीएममध्ये ६ घनमीटर. लोडिंगला १० मिनिटं, जायला ३५, धुऊन परत यायला ३५. म्हणजे उतरवण्याचा वेळ सोडून एका फेरीला ८० मिनिटं. पंप तासाला १८ घनमीटरने चालवला तर गाडी २० मिनिटांत रिकामी होते, आणि फेरी १०० मिनिटांची. पंप अखंड चालायला पाच गाड्या हव्यात. मृग लागायच्या आत स्लॅब उरकायची सगळ्यांनाच घाई असते, त्यामुळे मे महिन्यात प्लांट पाच गाड्या देत नाही, तीन देतो. मग १०० मिनिटांतली ६० मिनिटं पंप चालतो आणि ४० मिनिटं लाइन भरलेल्या अवस्थेत उन्हात उभी राहते. दर गाडीमागे तेरा मिनिटं. सकाळी सातला तेरा मिनिटं खपून जातात, दुपारी साडेबाराला खपत नाहीत. त्यात वाटेतल्या वाहतूक कोंडीत गाडी आणखी वीस मिनिटं अडकली, की चोक ठरलेला.

उपाय ऐकायला उलटा वाटतो: पंप सावकाश चालवा. तीनच गाड्या असतील तर एक गाडी ४० मिनिटं पुरवा, म्हणजे तासाला ९ घनमीटर. फेरी १२० मिनिटांची होते, तीन गाड्या चाळीस-चाळीस मिनिटांनी येतात, आणि लाइन एकदाही थांबत नाही. दिवसाचं एकूण काम थोडं कमी होतं. तीन गाड्यांत १०० मिनिटांना १८ घनमीटर होत होते, ते आता १२० मिनिटांना होतात. पण एका चोकला दीड-दोन तास जातात, हे धरलं तर फायदा कुठे आहे ते उघड आहे. आयएस ४९२६ (तयार काँक्रिटसाठीचं भारतीय मानक) प्रमाणे टीएममधलं काँक्रिट लोड केल्यापासून २ तासांत उतरायला हवं; या हिशोबात शेवटचं काँक्रिट ८५ मिनिटांचं असतं, म्हणजे नियमातही बसतं. मात्र सावकाश भरताना स्लॅबची पट्टी अरुंद ठेवा, नाहीतर पंप वाचेल आणि कोल्ड जॉइंट (आधीच्या आणि नंतरच्या काँक्रिटमधला न जुळलेला सांधा) पडेल.

आणखी दोन सवयी लावून घ्या. पहिली गाडी साइटवर आली म्हणून लगेच सुरू करू नका. दुसरी प्लांटमधून निघाल्याचा फोन आल्यावरच प्रायमिंग करा. आणि शेवटची गाडी संपत आली की हॉपर रिकामा होऊ देऊ नका. ॲजिटेटर बुडेल इतकं काँक्रिट राखून ठेवा, दर चार-पाच मिनिटांनी दोन स्ट्रोक मागे, दोन पुढे करत राहा. हॉपरमध्ये हवा ओढली गेली तर ती लाइनमध्ये जाऊन पुढे त्रास देते. पुढची गाडी अर्ध्या तासाहून जास्त लांब आहे असं कळलं, तर लाइनमधलं काँक्रिट मागे ओढून घ्या किंवा लाइन धुऊन टाका. जेवणाची सुट्टी सगळ्यांनी एकदम घ्यायची नाही. ऑपरेटर आणि दोन हेल्पर आळीपाळीने जेवले तर लाइन चालू राहते.

क्रश सँडमधले बारीक कण

गाड्या वेळेवर आहेत तरी रिड्यूसर किंवा पहिल्या बेंडमध्ये अडकतं, अशा साइट मी बऱ्याच पाहिल्या आहेत. तिथे रेतीचा चाळणी अहवाल मागवा.

तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुआरीच्या पात्रातली रेती मिळणं अवघड झाल्यापासून आपल्याकडचं जवळपास सगळं आरएमसी (प्लांटमधून तयार येणारं काँक्रिट) क्रश सँडवर (दगड फोडून केलेल्या रेतीवर) चालतं. तिचे कण टोकदार असतात, त्यामुळे तितक्याच स्लम्पला स्लरी जास्त लागते. पण खरा मुद्दा बारीक कणांचा. पंपाने काँक्रिट द्यायचं असेल तर रेतीपैकी १५ ते ३० टक्के भाग ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून जायला हवा, असा पंपिंगमधला जगभर मान्य असलेला अंदाज आहे. आपल्या आयएस ३८३ मध्ये झोन दोनच्या (जाडी-बारकेपणाच्या एका प्रतीच्या) रेतीला तिथे ८ ते ३० टक्के चालतात. म्हणजे ९ टक्क्यांची रेती कागदावर झोन दोनमध्ये पास होते, क्यूबचे (ताकदीच्या चाचणीचे) निकालही चांगले येतात, आणि तरी पंपात ती त्रास देते. प्लांटवाला ‘आमची रेती आयएसप्रमाणे आहे’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला ३०० मायक्रॉनचा नेमका आकडा विचारा.

क्रश सँड धुताना जास्त धुतली गेली तरी हेच होतं. माती जाते तशी उपयोगाची भुकटीही जाते. उपाय प्लांटमध्येच करावा लागतो: फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) वाढवणं, बारीक रेती थोडी मिसळणं, किंवा २० मिलिमीटर खडीचा वाटा कमी करून १० मिलिमीटरचा वाढवणं. फ्लाय ॲशचे कण गोल असल्याने पंपाला ते विशेष मानवतात. खडी चपटी, लांबट असेल तर तीही परत पाठवायला कचरू नका.

साइटवर टीएमच्या ड्रममध्ये पाइप लावून पाणी सोडणं हा मात्र सगळ्यात वाईट मार्ग. स्लम्प वाढलेला दिसतो, पण दाबाखाली तेच पाणी खडीला मागे टाकून पुढे पळतं. स्लम्प चाचणीतला ढीग बसल्यावर मधे उघडी खडी आणि कडेला पाण्याचं कडं दिसलं, तर ते मिक्स पंपात घालू नका. ताकदही जाते, लाइनही जाते. स्लम्प पडत असेल तर प्लांटच्या तंत्रज्ञाने ठरवून दिलेला ॲडमिक्सचा (काँक्रिटमध्ये मिसळायच्या रसायनाचा) जादा डोस टाकून ड्रम पूर्ण वेगाने फिरवून घ्या.

काँक्रिटचं तापमान मोजा

आयएस ७८६१ च्या पहिल्या भागात उष्ण हवेतल्या काँक्रिटसाठी ४० अंश सेल्सिअसची मर्यादा आहे. पणजी-मडगावला हवेचा पारा सहसा तिथवर जात नाही, म्हणून हा नियम आपल्यासाठी नाही असं बरेच जण धरून चालतात. पण ती मर्यादा ओततानाच्या काँक्रिटलाही लागू आहे. उन्हात पडलेली खडी, काळ्या टाकीतलं पाणी आणि बल्करमधून (सुट्या सिमेंटच्या टँकरमधून) नुकतंच आलेलं गरम सिमेंट एकत्र झालं की हवा ३४ अंश असतानाही काँक्रिट त्याहून बरंच वर जातं. प्रोब असलेला थर्मामीटर घ्या, प्रत्येक गाडीचं तापमान चलनावर लिहा.

कमी करायचं असेल तर कशाला हात घालावा? काँक्रिट १ अंशाने थंड करायला सिमेंट साधारण ८ अंशांनी थंड करावं लागतं, पाणी ४ अंशांनी, खडी-रेती मात्र फक्त २ अंशांनी. म्हणून खडीच्या ढिगावर सावली आणि सकाळी पाण्याचा फवारा हे सर्वात स्वस्त आणि गुणकारी. त्यानंतर थंड पाणी किंवा बर्फ. बर्फ वितळताना भरपूर उष्णता शोषतो, पण त्याचं वजन मिक्सच्या पाण्यातून वजा करायला विसरायचं नाही.

पाइपसाठी गोणपाट पुरेसं आहे, फक्त ते ओलं राहिलं पाहिजे. सकाळी एकदा भिजवून सोडलेलं गोणपाट अकरापर्यंत कोरडं होतं, म्हणून एका हेल्परला तेवढंच काम द्या. उभी लाइन शक्य असेल तर जिन्याच्या किंवा लिफ्टच्या पोकळीतून न्या, दक्षिण-पश्चिमेच्या भिंतीवरून नको. पाइपला पांढरा रंग दिला तरी फरक पडतो.

प्रायमिंगलाही मोजमाप असावं. १०० मीटर लाइनच्या आत सगळीकडे २ मिलिमीटरचा थर द्यायचा तर ८० लिटरच्या आसपास स्लरी लागते. सिमेंटच्या एका गोणीत २८ लिटर पाणी घातलं की ४४ लिटर स्लरी होते. म्हणजे दोन गोण्या हा किमान आकडा; तापलेल्या किंवा आतून खडबडीत पाइपला तीन-चार लागतात. एका गोणीत भागवणाऱ्यांची लाइन पहिल्याच गाडीला अडकते. पाइप आधी पाण्याने गार करा, मग स्पंज बॉल घाला, बॉलमागे स्लरी आणि तिच्यामागे काँक्रिट. बॉल न घालता पाण्यामागे थेट स्लरी सोडली तर पाणी ती धुऊन नेतं. बाहेर आलेली प्रायमिंगची स्लरी कॉलममध्ये किंवा बीममध्ये जाऊ देऊ नका, पिंपात घ्या.

वेळ निवडता येत असेल तर सकाळी सहा ते अकरा ही उत्तम. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरली जाते, त्यामुळे वस्तीत पहाटे चारला पंप लावला तर शेजारी तक्रार करतील आणि ती योग्यच असेल.

पंपाकडे काय बघायचं

खनिजाची लाल धूळ ऑइल कूलरच्या जाळीत बसते. डिचोली, साखळीकडच्या साइटवर ती आठवड्यातून दोनदा तरी हवेने उडवा. हायड्रॉलिक ऑइल ८० अंशांच्या वर राहायला लागलं की पातळ होतं, जोर कमी पडतो, आणि आधीच घट्ट झालेली लाइन मग सुटत नाही. ऑइलचा नंबर मॅन्युअलमध्ये उष्ण हवेसाठी दिला असेल तोच भरा.

वॉटर बॉक्समध्ये कायम स्वच्छ पाणी हवं; ते रॉड आणि सिलिंडर गार ठेवतं. पाणी लवकर करडं होत असेल तर पिस्टनचं रबर झिजलं आहे. इथलं काम संपवून पंप हिमाचल किंवा लडाखच्या बोगद्यांकडे जाणार असेल, तर हीच सवय उलटी करायला लागते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि बॉक्स, धुण्याचा पंप, नळ्या फोडतं. म्हणून तिथे काम संपताच वॉटर बॉक्सचं झाकण उघडून तो पूर्ण रिकामा करायचा, धुण्याच्या पंपातलं आणि नळ्यांतलं पाणी काढायचं, लाइन कोरडी करून तोंडं झाकायची आणि सकाळी ऑइल गरम होईपर्यंत पंप बिनभाराने चालवायचा. आयएस ७८६१ चा दुसरा भाग ५ अंशांखालच्या कामासाठी आहे, तो निघण्याआधी वाचून घ्यावा.

दोनापावल किंवा पर्वरीच्या उतारावर लाइन वरून खाली जात असेल तर काँक्रिट स्वतःच्या वजनाने पुढे निसटतं, मधे पोकळी पडते आणि खडी वेगळी होते. खालच्या टोकाला बेंड आणि काही मीटर आडवी लाइन द्या, म्हणजे काँक्रिट रोखलं जातं. सुरुवातीला स्लरीच्या पुढे स्पंज बॉल हवाच. उलट उंच इमारतीसाठी उभ्या लाइनच्या आधी उंचीच्या साधारण पाव लांबीची आडवी लाइन ठेवा, म्हणजे स्ट्रोक बदलताना वरचं काँक्रिट पंपावर कोसळत नाही.

पावसाळ्यात पाइप उघड्यावर टाकले तर खारी हवा आणि ओल चार महिन्यांत आतून गंज चढवते. ऑक्टोबरच्या पहिल्या स्लॅबला येणारा चोक बहुधा या गंजाचा असतो. मे अखेर शेवटचं काम झालं की पाइप बॉलने साफ करा, आतून तेलाचा हात द्या, दोन्ही तोंडांना टोप्या लावा आणि शेडमध्ये लाकडावर रचा. गॅस्केट काढून वेगळ्या डब्यात ठेवा आणि फाटलेली तेव्हाच फेकून द्या, म्हणजे ऑक्टोबरमध्ये कोणी चुकून तीच परत बसवणार नाही.